ढब्बूचा कान

चार वाजता येतो असा निरोप होता आणि थोरलीने अडीच वाजल्यापासून चहाचं आधण तीनदा चढवलं नि तीनदा उतरवलं.

"अगं, पाणी आटून नुसतं भांडं उरेल," बाहेरच्या खोलीतून सासरे म्हणाले.

तिने उत्तर दिलं नाही. चोवीस वर्षांच्या संसारात तिने सासऱ्यांना उत्तर न देता सोडल्याचे प्रसंग बोटांवर मोजण्याइतके असतील, त्यामुळे म्हातारा दचकला आणि पेपर घडी करून गप्प बसला.

दीड महिन्यापूर्वी ह्याच बाहेरच्या टेबलावर भिंगरीच्या रक्ताचा कागद पडला होता. भिंगरी म्हणजे धाकट्या दिराची मुलगी, साडेचार वर्षांची, एका जागी दोन मिनिटं ठरेल तर शपथ. पोट दुखतं, खात नाही, सारखी किरकिर करते, म्हणून डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं आणि कागदावर शिशाच्या पुढे आकडा आला अडतीस. डॉक्टरीणबाई शांत स्वभावाची, पण त्या दिवशी तिनेही चष्मा काढून ठेवला. "पंचेचाळीसच्या वर गेला तर भरती करून औषध द्यावं लागेल. शिसं लहान मुलांच्या मेंदूवर बसतं. औषधापेक्षा मोठं काम तुमचं आहे. कुठून येतंय ते शोधा," असं ती म्हणाली होती.

कुठून येतंय ते शोधायला धाकटीला, भिंगरीच्या आईला, उंबऱ्यापलीकडे जावं लागलं नाही. समोरच्या खिडकीतून सिमेंट कारखान्याची चिमणी दिसत होती. त्या कारखान्याच्या भट्टीत गेली तीन वर्षं ठिकठिकाणचा घातक कचरा इंधन म्हणून जळत होता, हे साऱ्या गावाला माहीत होतं. आणि त्या भट्टीच्या कंट्रोल रूममध्ये बसणारा माणूस याच घरात, समोरच्याच खुर्चीवर बसला होता. तिचा थोरला दीर, थोरलीचा नवरा.

"दुनियेचं विष भट्टीत घालता आणि घरी येऊन हात धुऊन जेवायला बसता," एवढंच धाकटी म्हणाली. दोन बॅगा भरल्या, पोरीला काखोटीला मारलं आणि माहेर गाठलं. त्या दिवसापासून थोरला जेवायला बसला की आधी स्वतःच्या हातांकडे बघायचा. थोरलीला ते बघवत नसे, मग ती उगीचच ताटात काहीतरी वाढायला उठायची.

तसं पाहिलं तर हे घर भट्टीच्याच जिवावर उभं राहिलेलं. सासऱ्यांनी एकतीस वर्षं भट्टी सांभाळली. त्या काळी पडदे नव्हते, आकडे नव्हते. निळी काच डोळ्याला लावायची, भोकातून आत बघायचं आणि ज्वाळेच्या रंगावरून कोळसा वाढवायचा की कमी करायचा ते ठरवायचं. ती काच अजून त्यांच्या उशाशी असते. थोरला त्याच भट्टीवर लागला, पण वातानुकूलित खोलीत, सात पडद्यांसमोर. सासरे म्हणायचे, ह्याने आग कधी पाहिलीच नाही, आगीचे फोटो पाहिलेत. धाकट्याने मात्र भट्टीचं नाव टाकलं आणि शाळेची बस चालवायला घेतली. त्याच शाळेत शिकवणारी धाकटी त्याला त्या बसमध्येच भेटली.

आणि थोरली शिवणशेडमध्ये. कारखान्याची धूर-धूळ गाळायला आत नमद्याच्या, म्हणजे दाबून केलेल्या जाड कापडाच्या, लांबच लांब पिशव्या टांगलेल्या असतात, दोन पुरुष उंचीच्या, बुडाशी बंद. फाटलेल्या पिशव्या उतरवून शेडमध्ये यायच्या, तिथे अकरा जणी त्या झटकायच्या, उसवायच्या, ठिगळं लावायच्या. शेडमध्ये पिशवी कोणी म्हणत नसे. लेंगा म्हणत. एका पायाचा लेंगा. "आज माझे सात लेंगे झाले," असं थोरली सगळ्यांच्या देखत म्हणायची आणि नवा माणूस तिच्याकडे बघतच राहायचा.

ती आतल्या खोलीत गेली. मशिनवर फडक्याखाली ढब्बू झाकून ठेवला होता. हत्ती. पिवळा, गुबगुबीत, मऊ, सोंड जराशी वाकडी. वर्षापूर्वी तिने तो भिंगरीसाठी शिवला आणि तेव्हापासून पोरगी त्याच्याशिवाय घास घेईना की डोळा मिटेना. ज्या दिवशी त्या गेल्या, त्या दिवशी ढब्बूचा कान तुटला होता म्हणून तो मशिनवर पडलेला होता. धाकटी रागात, तिला कुठलं भान. गल्लीच्या टोकापर्यंत पोरीचा आवाज येत होता, "ढब्बूचा काऽन! ढब्बूचा काऽन!" थोरलीने दीड महिना त्या कानाला हात लावला नव्हता. आज सकाळी मात्र बसली आणि बारीक टाक्यांनी असा लावला की ओढून तुटायचा नाही. पोरगी आली की, दुसऱ्या तपासणीचा आकडा काहीही असो, तिच्या हातात ढब्बू द्यायचा. एवढं तरी आपल्या हातात आहे, असं तिला वाटत होतं.

रिक्षा थांबल्याचा आवाज आला.

आधी भिंगरी आली. चप्पल एक दारात, एक अंगणात. "मोठी काकू! ढब्बू कुठाय?"

"आधी हात धू. मग आजोबांना भेट. मग चहा. मग बक्षीस."

"मी चहा पीत नाही."

"मी पिते ना. माझा चहा होईपर्यंत थांब," थोरली म्हणाली आणि पोरीला पोटाशी धरलं. पोरगी वजनाला भरली होती.

धाकटा मागून आला, धाकटी त्याच्या मागून. धाकटी दारातच थांबली, परक्याच्या घरात थांबतात तशी. थोरला उठून उभा राहिला आणि आता बसायचं की नाही हे न कळून तसाच उभा राहिला. सासऱ्यांनी नातीला मांडीवर ओढलं, पण नजर धाकट्याच्या हातातल्या लिफाफ्यावर होती.

"वाच बाबा एकदाचं," म्हातारा म्हणाला. "माझं काळीज काही एवढं दणकट राहिलेलं नाही."

"सव्वीस," धाकटा म्हणाला. मग त्याचं त्यालाच खरं वाटलं नसावं, त्याने पुन्हा कागद पाहिला. "अडतीसचे सव्वीस. डॉक्टर म्हणाल्या, भरती करायची गरज नाही. असाच उतरत राहिला तर वर्षभरात..."

थोरलीचा जीव भांड्यात पडला. ती दाराच्या चौकटीला टेकली आणि काही न सुचून हसली. सासऱ्यांनी तर लाजबीज सोडून डोळ्यांना रुमाल लावला. थोरल्याने भिंतीकडे तोंड केलं आणि चष्मा पुसायला घेतला, पुसून पुसून काच झिजेल इतका पुसला. भिंगरीला वाटलं सगळे आपल्यावर रागावले. ती हळूच मांडीवरून घसरली आणि अंगणात पळाली.

"चहा टाकते," थोरली म्हणाली.

"ताई, थांबा जरा." धाकटीचा आवाज वर्गातल्यासारखा होता, मोठा नाही, पण सगळे बसतील असा. "आकडा उतरला, कारण ती इथे नव्हती. हे मला आताच सांगून टाकायचंय. आम्ही नदीपलीकडे दोन खोल्या बघितल्यात. बुधवारी सामान हलवतोय."

खोलीतला आनंद जागच्या जागी थिजला. सासरे धाकट्याकडे बघत राहिले. धाकटा जमिनीकडे.

"तू पण?" म्हातारा म्हणाला.

"बाबा, ती माझी मुलगी आहे," धाकटा म्हणाला.

पण थोरल्याला राहवलं नाही. ह्या माणसाचं नेहमीचंच आहे, जिथे गप्प बसायचं तिथे हिशेबाने बोलतो, थोरलीने मनात कपाळावर हात मारला.

"हवेमुळे असतं तर सगळ्या पोरांचे आकडे अडतीस यायला हवे होते," तो म्हणाला. "डॉक्टरांनी कॉलनीतली अठरा मुलं तपासली. कोणाचा सहा, कोणाचा आठ. सगळ्यात जास्त नऊ. श्वास सगळे एकाच हवेत घेतात. मग हिचाच आकडा एवढा का?"

"झालं! परत तेच!" धाकटी कडाडली. "दादा, सहा काय आणि आठ काय, शून्य पाहिजे असं डॉक्टर म्हणाल्या. तुम्ही कारखान्याची वकिली किती दिवस करणार? पोरीचं रक्त समोर ठेवलंय तरी?"

"मी वकिली करत नाहीये. मी विचारतोय."

प्रश्न खरा होता. विचारणारा माणूस चुकीचा होता, एवढंच. थोरलीला दोन्ही कळत होतं आणि तिला नवऱ्याची बाजूही घेता येईना नि जावेचीही. ती चहा करायला आत वळली, कान मात्र बाहेरच ठेवून.

तेवढ्यात म्हाताऱ्याने खुर्ची पुढे ओढली. "ती बरोबर बोलतेय," तो म्हणाला.

सगळे चमकले. एकतीस वर्षं ज्याने भट्टीला घरची लेक म्हटलं, तो आज सुनेच्या बाजूने बोलत होता.

"बाबा..."

"मला बाबा करू नको. मला सांग, काय टाकता तुम्ही भट्टीत?"

थोरल्याने घसा साफ केला. "इंधनाला पर्याय म्हणून जे येतं ते. चौदाशे पन्नास अंशांत सगळं जळून जातं. जे जळत नाही ते क्लिंकरमध्ये, सिमेंटच्या कच्च्या खड्यांत, कायमचं बंद होतं."

"हे तू बोलतोयस की गेटवरची पाटी बोलतेय?"

धाकट्याला हसू आलं ते त्याने खोकल्यात लपवलं. थोरला मात्र खाली बसला. तो बायकोलाही ऐकू येईल न येईल इतक्या हळू बोलला.

"रंगाच्या कारखान्यांचा गाळ येतो. जुनं काळं तेल येतं. त्यांचे कागद असतात. पण महिन्यातून एकदोनदा चिठ्ठी नसलेले ड्रम येतात. आत बॅटऱ्यांचा चुरा असतो, असं खालची पोरं म्हणतात. माझ्या पडद्यावर फक्त किती टन गेलं तेवढं दिसतं. मी विचारलं होतं साहेबांना."

"कधी?" धाकटीने विचारलं.

"एकदा."

"एकदाच?"

"एकदाच," तो म्हणाला. "म्हणाले, तुम्ही तापमान बघा. मी तापमान बघत बसलो."

थोरलीला हे आज कळत होतं. चोवीस वर्षं एका ताटात नसलं तरी एका टेबलावर जेवलेला माणूस, आणि त्याच्या पोटात हे होतं. तिला राग आला, आणि त्याच वेळी त्याच्या पाठीवर हात ठेवावासाही वाटला. ती चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी राहिली.

"अरे वेड्या, बॅटरी म्हणजे शिसं," म्हातारा म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "आणि शिसं कुठलं बंद होतंय? आम्ही काय कॉलेजात नाही गेलो, पण आग बघितलीय. जे हलकं ते उडतं. एवढ्या आगीत शिशाची वाफ होते. वाफ वर जाते, गार झाली की धुळीच्या कणांवर बसते. थोडं चिमणीतून बाहेर जातं, ते ह्या पोरांचे सहा आणि आठ. पण बाकीचं कुठे जाईल? धूळ जिथे अडते तिथेच ना. पिशव्यांवर. सगळं पिशव्यांवर बसतं."

पिशव्यांवर.

थोरलीची नजर आतल्या खोलीच्या दाराकडे गेली.

शेडमध्ये दोन रंगांचे लेंगे येतात. पांढरे सिमेंट दळायच्या गिरणीचे, ते जाड आणि राठ. पिवळे भट्टीचे, कारण आच सोसायला तो नमदाच वेगळा असतो. पिवळा नमदा मऊ असतो, फ्लॅनेलसारखा. भिंगरीला पिवळा रंग आवडतो.

"सापडला! ढब्बू सापडला!"

आवाज आतल्या खोलीतून आला. पोरगी मागच्या दाराने आत शिरली होती. थोरलीने ट्रे ठेवला की टाकला हे नंतर कोणालाच आठवेना, चहा मात्र सगळा फरशीवर होता. ती आत धावली. भिंगरी मशिनच्या स्टुलावर बसली होती, ढब्बूला दोन्ही हातांनी कवटाळून, आणि डोळे मिटून त्याचा कान तोंडाकडे नेत होती. नवा, आज सकाळी लावलेला.

थोरलीने तो तिच्या हातातून हिसकावला.

पोरीने असा टाहो फोडला की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. धाकटी धावत आली. "ताई! वेड लागलंय का तुम्हाला? दीड महिना ती त्याच्यासाठी झुरतेय!"

"तोंड धू तिचं," थोरली म्हणाली. "आधी तोंड धू. हात धू. साबणाने."

"पण झालं काय?"

"तोंड धू म्हणते ना!"

ह्या घरात थोरली कधी ओरडत नसे. टोमणा मारायची, चिमटा काढायची, पण ओरडणं नाही. धाकटीने पोरीला उचललं आणि मोरीत नेलं. नळाचं पाणी सुटल्याचा आवाज आला तेव्हा थोरली मशिनशी खाली बसली. ढब्बू तिने हात लांब करून धरला होता, पेटतं काहीतरी धरावं तसा.

"हा लेंगा आहे," ती दारात आलेल्या नवऱ्याला म्हणाली.

"काय?"

"ढब्बू. लेंग्याचा शिवलाय मी. भट्टीच्या पिवळ्या लेंग्याचा. एक भंगारात निघालेला होता, कापड चांगलं दिसलं, मी मागून घेतलं. आत भरलंय तेही त्याचंच, चिंध्या. आणि ती ह्याचा कान चोखते. झोपताना. रोज. वर्ष झालं."

थोरला बघतच राहिला. "मला वाटलं जुन्या पांघरुणाचा आहे."

"तू विचारलंस कधी? आणि मी तरी कधी विचारलं, तुमच्या ड्रममध्ये काय असतं ते?" ती त्याला कधी अरेतुरे करत नसे, आज झालं, आणि दोघांच्याही ते लक्षात आलं नाही. "मी तीनदा धुतला होता रे. सोडा घालून. गरम पाण्यात. बाबांचे कपडे धुवायचो तसा. भट्टीची धूळ म्हणजे चुना, साबणाने जाते, हेच ऐकत आले मी ह्या घरात."

"आमच्या वेळी तो चुनाच होता गं," मागून म्हातारा म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता.

मोरीच्या दारात धाकटी उभी होती. पोरगी तिच्या खांद्यावर हुंदके देत होती. तिने सगळं ऐकलं होतं. थोरलीने तिच्याकडे पाहिलं आणि तिला वाटलं, आता ही जे बोलेल ते आपण मरेपर्यंत विसरणार नाही. आणि तिने बोलावंच. बोलायलाच पाहिजे.

पण आधी धाकटा बोलला. चार माणसं सुन्न झाली की पाचव्याला हात चालवावे लागतात, आणि ह्या घरात तो पाचवा नेहमी धाकटाच असतो. तो स्वयंपाकघरातून एक मोठी, आरपार दिसणारी प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आला. "वहिनी, ह्यात टाका. हळू. उद्या डॉक्टरांकडे द्यायचा, त्या तपासायला पाठवतील."

तिने ढब्बूला आत सोडलं. धाकट्याने तोंड घट्ट बांधलं.

"आता बाहेरून एक थापट मार," म्हातारा म्हणाला.

धाकट्याने थापट मारली. एकच, काही फार जोरात नाही. पिशवी आतून करडी झाली. बघता बघता हत्ती दिसेनासा झाला.

गंमत बघा, इतके दिवस प्रत्येकाकडे एकेक तुकडा होता. थोरल्याला ड्रम माहीत होते, म्हाताऱ्याला शिशाची वाफ, थोरलीला कापड आणि धाकटीला कान चोखायची सवय. चार तुकडे एका टेबलावर यायला दीड महिना लागला. तोही भांडण झालं म्हणून.

धाकटी खाली बसली, थोरलीसमोर, पोरीला मांडीत घेऊन.

"त्या दिवशी ती गल्लीभर रडली," ती म्हणाली. "रिक्षावाला म्हणाला, बाई, मागे फिरू का, खेळणं घेऊन येऊ. मी म्हटलं नको. तुमच्या हातचं काही नको होतं मला त्या दिवशी."

"बरं केलंस."

"मी रागात केलं, ताई. मागे फिरले असते तर?"

"तर आज आकडा पंचेचाळीसच्या वर असता," थोरली म्हणाली. "आणि आज मी पुन्हा देणार होते. नवीन कान लावून. बारीक टाके घालून बसले होते सकाळपासून, गाढवासारखी."

धाकटीने तिच्याकडे पाहिलं आणि तिला हसू फुटलं. हसता हसता रडू आलं, रडता रडता पुन्हा हसू. "मी काय करू आता? तुम्हाला शिव्या देऊ की तुमच्या गळ्यात पडू?"

"आधी शिव्या दे. मला बरं वाटेल."

"नाही देत. बसा तशाच," धाकटी म्हणाली आणि तिच्या खांद्यावर डोकं टेकलं. दीड महिन्याचा शीण होता, एका मिनिटात कुठला जातोय. पण जायला लागला होता, हे दोघींनाही कळलं. कारण सापडलं होतं. ते हवेत नव्हतं, भिंतीत नव्हतं, पोरीच्या नशिबात तर नव्हतंच. एका पिशवीत बांधून कोपऱ्यात ठेवता येईल एवढं होतं.

थोरला मात्र दारातून हलला नव्हता.

"हत्तीत ते आपोआप नाही आलं," तो म्हणाला. "माझ्या पाळीत गेलेल्या ड्रममधून आलं. चिठ्ठी नसलेले ड्रम कुठल्या कुठल्या तारखेला गेले ते मी डायरीत लिहून ठेवलंय. का लिहिलं तेही मला माहीत नव्हतं. उद्या ती डायरी डॉक्टरांना देतो. त्या म्हणतील तिथे सही करतो."

"नोकरी जाईल," म्हातारा म्हणाला.

"जाऊ दे."

म्हाताऱ्याने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "आज बघितलीस तू आग." एवढंच म्हणाला, आणि फरशीवरचा चहा पुसायला ओलं फडकं मागितलं.

"दादा," धाकटी नाक पुसत म्हणाली, "मला खरं तर तुमच्यावर भरपूर रागवायचंय. पण आज अंगात त्राण नाही. उद्या रागावते."

"उद्या मी सकाळच्या पाळीला आहे. चारनंतर रागव," थोरला म्हणाला, आणि दीड महिन्यांत पहिल्यांदा त्या घरात चार माणसं एकदम हसली.

नदीपलीकडच्या खोल्यांचं काय, हे विचारायचं धाडस कोणी केलं नाही. धाकटीनेच आपणहून सांगितलं. पुढच्या तपासणीपर्यंत इथेच राहून बघू, पण झाडू बंद, रोज ओल्या फडक्याने पुसायचं, दादांनी कामाचे कपडे बाहेरच बदलायचे. आणि पोरीचा आकडा दोनाने जरी चढला तर त्याच दिवशी सामान बाहेर. थोरलीने मान डोलावली. अटी घालणारं माणूस राहणार असतं, एवढं तिला कळत होतं.

भिंगरीचे हुंदके थांबले होते. ती कोपऱ्यातल्या पिशवीकडे बघत होती. "ढब्बूला का बांधलं?"

"तो आजारी आहे," थोरली म्हणाली. "त्याला तपासायला न्यायचंय."

"टोचणार?"

"बहुतेक."

भिंगरीने विचार केला. "त्याला सांग, सुईकडे बघायचं नाही. बाजूला बघायचं."

"सांगते. आणि मी तुला नवा शिवते. नव्या कोऱ्या सुती कापडाचा. दुकानातून आणलेल्या."

"त्याचा कान चोखायचा?"

"नाही!" पाचही माणसं एकदम ओरडली.

त्या रात्री थोरलीला झोप लागली, पण मध्येच जाग आली ती एकाच विचाराने. शेडमध्ये आपण अकरा जणी. लेंगे झटकतो तोंडाला नुसतं फडकं बांधून. दुपारी तिथेच डबे सोडतो. लेंग्याच्या गठ्ठ्यावर पाठ टेकतो. तिघींच्या घरी लहान पोरं आहेत, एक तर अंगावर पिणारं. आणि मऊ पिवळा नमदा घरी नेणारी आपण एकटीच असू कशावरून?

सोमवारी तिने शेडमध्ये मशिन सुरूच केलं नाही. ती लेंग्यांच्या ढिगापुढे उभी राहिली आणि घडलेलं सगळं पहिल्यापासून सांगितलं, स्वतःची चूक आधी. मग कोपऱ्यातली एक जण म्हणाली, "मी त्याची पायपुसणी केलीत." दुसरी म्हणाली, "मी पोराच्या पाळण्यात घातलाय." आणि मग कोणी बसून राहिलं नाही.

मंगळवारी सकाळी दवाखान्याच्या बाकावर अकरा जणी ओळीने बसल्या होत्या, तिघींच्या मांडीवर पोरं. धाकटी शाळेतून सुट्टी काढून सगळ्यांचे अर्ज भरत होती, एकीचं वय चुकलं म्हणून ओरडतही होती. पहिला नंबर थोरलीचा. तिने बाही वर केली आणि तिच्या लक्षात आलं की आपल्याला भीती वाटतेय, चांगलीच. वीस वर्षं झाली शेडमध्ये. भट्टीत ते ड्रम जायला लागूनच तीन झाली. पोरीचा एका वर्षात अडतीस, तर आपला किती?

भिंगरी तिच्या शेजारी स्टुलावर चढून बसली. तिने काकूची हनुवटी धरली आणि तोंड भिंतीकडे वळवलं.

"सुईकडे नाही बघायचं."

"नाही बघत."

"आणि मोठी काकू, आकडा मोठा आला ना, तरी रडायचं नाही," भिंगरी म्हणाली. "तो उतरतो. माझा उतरला."

"मूठ सोडा," नर्स म्हणाली.

थोरलीने मूठ सोडली.